भास्कराचार्यांची पाटी आणि पाटणचा मठ

इसवी सन १२०७ मधील श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहण होते. त्या पर्वकाळी खानदेशच्या दक्षिण टोकाला, सातमाळ्याच्या डोंगराखालच्या पाटण या गावी एका मठाला दान देण्यात आले. ग्रहणाच्या वेळी दान देणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. देवळांना, ब्राह्मणांना, अन्नछत्रांना दिलेल्या देणग्यांचे कितीतरी ताम्रपट आणि शिलालेख महाराष्ट्रात सापडतात. पाटणचे दान मात्र वेगळ्या कारणासाठी होते. एका दिवंगत गणितज्ञाने लिहिलेले ग्रंथ तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जावेत, एवढ्यासाठी तो मठ उभारला होता. तो गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य, आणि मठ स्थापन करणारा चांगदेव हा त्यांचा नातू.

भास्कराचार्यांच्या आयुष्याविषयी जी माहिती खात्रीने सांगता येते, ती बहुतेक त्यांनी स्वतःच दिली आहे. शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्यांचे गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात. हे गाव कोणते, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. कोणी ते कर्नाटकातील विजापूर मानतात, कोणी बीडचे नाव घेतात, तर पाटणच्या परिसराचा आग्रह धरणारेही आहेत. वादाचा निकाल काहीही लागो, भास्कराचार्यांच्या घराण्याच्या खुणा दगडावर कोरलेल्या अवस्थेत मिळाल्या त्या चाळीसगाव तालुक्यातच. एक पाटणला आणि दुसरी गिरणेकाठच्या बहाळला.

भास्कराचार्यांचा उल्लेख होतो तो बहुधा थोर गणितज्ञ म्हणून. गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी कोणी सांगितले, शून्याने भागण्याचा विचार कोणी केला, अशा श्रेयाच्या हिशेबात त्यांचे नाव पुढे केले जाते. या गडबडीत त्यांचा मोठा गुण दुर्लक्षित राहतो. ते असामान्य शिक्षक होते. शिकणाऱ्यापर्यंत विषय कसा पोहोचेल, मजकूर कोणत्या रूपात दिला म्हणजे तो लक्षात राहील, डोळ्यांपुढे काय उभे केले म्हणजे अवघड कल्पना सोपी होईल, याचा त्यांनी केलेला विचार त्यांच्या पानापानांत दिसतो.

त्या काळी विद्यार्थ्यापुढे पुस्तक नसे. पोथी गुरूकडे असायची, तीही एखादीच. विद्यार्थ्याजवळ दोनच साधने होती, स्वतःची स्मरणशक्ती आणि धूळ पसरलेली पाटी. त्या धुळीत आकडे काढायचे, पुसायचे, त्यावर पुढचे आकडे मांडायचे. अंकगणिताला पाटीगणित म्हणत ते यामुळेच. पाटीवरचे सगळे पुसले जाणार, तेव्हा रीत ध्यानात राहिली पाहिजे, आणि ध्यानात राहायची तर ती थोडक्या शब्दांत व वृत्तात बांधलेली हवी. 'लीलावती'चा घाट या गरजेतून घडला आहे. आधी रीत सांगणारे सूत्र, लगेच तिच्यावरचे उदाहरण आणि मग आकड्यांची मांडणी, असा तिचा क्रम आहे. विद्यार्थ्याने सूत्र पाठ करायचे आणि उदाहरण पाटीवर सोडवायचे. शून्यासाठी आकाश, दोनासाठी डोळे, तिनासाठी अग्नी अशा शब्दांनी संख्या सांगण्याची जुनी पद्धत भास्कराचार्यांनीही वापरली. आकडा सहज विसरतो, चित्र सहसा विसरत नाही.

ग्रंथाची सुरुवात मोजमापांच्या कोष्टकांनी होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड. म्हणजे बाजारात आणि शेतावर विद्यार्थ्याच्या रोज कानावर पडणाऱ्या शब्दांपासून गणिताचा प्रारंभ. पुढे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, घन आणि त्यांची मुळे, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, मिश्रणे, श्रेढी, क्षेत्रफळे, सावलीवरून उंची काढण्याच्या रीती आणि शेवटी अंकांच्या मांडणीचे प्रकार. एवढा पसारा त्यांनी तीनशेहून कमी श्लोकांत बसवला.

पण कोष्टके आणि सूत्रे यांमुळे 'लीलावती' आठ-नऊशे वर्षे टिकली नाही. तिला टिकवले ते तिच्यातल्या उदाहरणांनी. भुंग्यांचा एक थवा आहे. त्यातील पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर आणि या दोन हिश्श्यांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांवर. उरलेला एक भुंगा केवडा आणि मालती या दोघींच्या सुगंधाने ओढला जाऊन मधल्या मध्ये घिरट्या घालतो आहे. थवा किती भुंग्यांचा? भास्कराचार्यांची इष्टकर्माची रीत अशी, की मनाला येईल ती संख्या धरून चालावी. थवा तिसांचा धरला तर हिस्से होतात सहा, दहा आणि बारा. उरतात दोन भुंगे. प्रत्यक्षात दिसतो एकच, म्हणून धरलेल्या संख्येची निम्मी, पंधरा. चुकीच्या अंदाजापासून सुरुवात करून बरोबर उत्तराला पोहोचण्याची ही युक्ती शिकवताना त्यांनी विद्यार्थ्याच्या मनातली चुकण्याची भीतीच काढून टाकली.

भूमितीची उदाहरणे तर चित्रेच आहेत. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. मग तो किती उंचीवर मोडला? नऊ हातांच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप त्या बिळाकडे येतो आहे. मोराने तिरकी झेप घेतली, दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडली? तळ्यातले कमळ पाण्यावर अर्धा हात डोकावते आहे, वाऱ्याने कलून ते दोन हातांवर पाण्यात बुडते, तर पाणी किती खोल? तिन्ही उदाहरणांत काटकोन त्रिकोणाचा एकच नियम आहे. वेळू आणि साप यांची उत्तरे प्रत्येकी बारा हात, तर तळ्याची खोली पावणेचार हात. ज्या विद्यार्थ्यापुढे कागद नाही आणि छापलेली आकृती नाही, त्याच्यासाठी भास्कराचार्यांनी आकृती शब्दांत काढून दिली. ती डोळे मिटूनही दिसते.

दुसरी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. उदाहरण जवळजवळ नेहमी कोणाला तरी उद्देशून विचारलेले असते. कधी हरिणाच्या डोळ्यांच्या मुलीला, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला, कधी स्वतःला हुशार समजणाऱ्या गणकाला. ऐकणारा गप्प बसू शकत नाही, त्याला उत्तर द्यावेच लागते. एका उदाहरणात घाईत असलेला प्रवासी वाण्याकडे तेरा काकिण्या टाकून दोन हिस्से तांदूळ आणि एक हिस्सा मूग मागतो, कारण त्याचे सोबती पुढे निघण्याच्या बेतात आहेत. हिशेब लवकर केला नाही तर तांडा निघून जाईल! त्रैराशिकाची रीत या उतावीळ प्रवाशाबरोबर कायमची लक्षात राहते. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे अदलाबदल करून किती प्रकारे धरता येतील, हा प्रश्नही तसाच. उत्तर ३६,२८,८०० येते. मूर्तीपुढे रोज हात जोडणाऱ्या मुलाला क्रमसंचयाची ही ओळख आयुष्यभर पुरेल.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्याने टळला आणि तिच्या समाधानासाठी पित्याने हा ग्रंथ लिहिला, ही कथा शाळकरी पुस्तकांमुळे घरोघरी पोहोचली आहे. ती आढळते अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. भास्कराचार्यांनी स्वतः असे काहीही लिहिलेले नाही. शिवाय काही संबोधने बापाने मुलीला करावी अशी खचितच नाहीत. खेळत खेळत शिकवणारी, रमवणारी, असा अर्थ मनात धरून ग्रंथालाच हे नाव दिले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कथा गोड आहे, इतकेच.

'लीलावती'चे सगळेच गोड नाही, हेही सांगायला हवे. व्यस्त त्रैराशिकाच्या उदाहरणात सोळा वर्षांच्या दासीला बत्तीस निष्क पडतात, तर वीस वर्षांच्या दासीला किती, असा प्रश्न आहे. शेजारी बैलांच्या किमतीचे उदाहरण. त्या समाजात माणसांचा बाजार भरत होता आणि आचार्यांना त्यात उदाहरणापुरतीही खटकण्यासारखी गोष्ट दिसली नाही. गणितातही एके ठिकाणी त्यांचे पाऊल घसरते. एखाद्या संख्येला शून्याने गुणून पुढे शून्यानेच भागायचे असेल, तर ती संख्या तशीच राहते असे ते मानतात आणि त्यावर उदाहरणही रचतात. आजच्या गणिताला हे मान्य नाही. मात्र शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असे नाव देऊन, तिच्यात काहीही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, हे त्यांनी ज्या धिटाईने मांडले, ती धिटाई पुढच्या अनेक शतकांत विरळाच आढळते.

'बीजगणित' हा ग्रंथ अधिक वरच्या इयत्तेचा. त्यातील चक्रवाल पद्धतीची प्रसिद्धी मोठी आहे. एखाद्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून एक मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच यावी, अशी संख्या कोणती, हा प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे टाकला. भास्कराचार्यांनी तोच प्रश्न, तोच ६१ चा आकडा घेऊन, पाच शतके आधी सोडवला होता. उत्तर २२,६१,५३,९८०. धुळीच्या पाटीवर!

शिक्षक म्हणून भास्कराचार्यांचा खरा कस लागला तो 'गोलाध्याया'त. विद्यार्थ्याला पायाखाली सपाट जमीन दिसते. त्याला पृथ्वी गोल आहे आणि अधांतरी आहे हे पटवायचे कसे? भास्कराचार्य त्याच्या शंकेपासूनच सुरुवात करतात. पृथ्वीला कोणी आधार दिला असे म्हटले, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही. कोठे तरी स्वतःच्या सामर्थ्याने टिकणारी वस्तू मानावी लागणार असेल, तर ती पृथ्वीच का मानू नये? सपाटपणाचे उत्तरही तसेच साधे. मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. माणूस लहान आणि पृथ्वी प्रचंड, म्हणून त्याला दिसणारा तुकडा सपाट.

गोलाच्या पृष्ठफळाचे प्रकरण याहून मोलाचे. लल्ल या पूर्वीच्या ज्योतिष्याने पृष्ठफळ काढताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. ते चूक आहे, असे नुसते सांगून भास्कराचार्य थांबत नाहीत. मातीचा किंवा लाकडाचा गोळा घ्यावा, असे ते स्वतःच्या टीकेत सांगतात. त्याचा परिघ २१,६०० कला मानावा. माथ्यावर एक खूण करावी आणि परिघाच्या शहाण्णवाव्या भागाएवढ्या, म्हणजे २२५ कलांच्या अंतराने तिच्याभोवती एकाबाहेर एक वर्तुळे काढीत जावे. अर्ध्या गोळ्यावर चोवीस वर्तुळे होतात. दोन वर्तुळांमधला प्रत्येक पट्टा मोजता येतो, आणि पट्ट्यांची बेरीज म्हणजे पृष्ठफळ. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. आवळ्यावर जशा उभ्या रेषा असतात, तशा रेषा गोळ्यावर ओढून एकेका फाकेचे क्षेत्र काढावे. दोन्ही मार्गांनी परिघ गुणिले व्यास हेच उत्तर येते. एकच सिद्धान्त दोन निरनिराळ्या हातकामांनी पडताळून पाहायला लावणारा हा गुरू बाराव्या शतकातला आहे, याचा विसर पडतो.

आकाशाच्या अभ्यासासाठी वेळूच्या सरळ कामट्यांचा गोल बांधण्याची कृती त्यांनी दिली आहे. विषुववृत्त, क्रांतिवृत्त, क्षितिज ही नुसती नावे राहू नयेत, ती हाताने फिरवून बघता यावीत, हा हेतू. यंत्रांच्या प्रकरणात छायाशंकू, घटिकायंत्र, चक्र, चाप यांच्याबरोबर स्वतः योजलेले फलकयंत्रही आहे. पाऱ्याने भरलेल्या आऱ्यांचे आपोआप फिरत राहणारे चाकही तेथे येते. असे चाक फिरणे शक्य नाही. पण सगळ्या यंत्रांत श्रेष्ठ त्यांनी ठरवले ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी. हातात साधी काठी घेऊन, नजरेच्या रेषेवरून, दूरच्या वेळूची उंची आणि त्याचे अंतर कसे काढावे हे ते तेथे दाखवतात. प्रकरणांच्या शेवटी ऋतूंचे वर्णन आणि प्रश्नांचा एक स्वतंत्र अध्याय. कंटाळलेल्या विद्यार्थ्याला कविता, आणि पुढे जाण्याआधी परीक्षा.

११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. सिद्धान्ताच्या खोलात न शिरता पंचांग करणाऱ्याला ग्रहस्थिती झटपट काढता यावी, यासाठी केलेले ते सुटसुटीत पुस्तक. मोठा ग्रंथ लिहून झाल्यावर तेहतीस वर्षांनी, उतारवयात, सामान्य पंचांगकर्त्याची अडचण या माणसाला महत्त्वाची वाटली. त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्यावर पडदा आहे.

घराण्याची पुढची हकिकत पाटणचा शिलालेख सांगतो. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ त्यात दिली आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने बोलावून नेऊन पंडितांमध्ये अग्रस्थान दिले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी झाला. दरबारात मान मिळाला म्हणजे विद्या घरात राहतेच असे नाही, याची चांगदेवाला जाणीव असावी. त्याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या आणि इतर ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटणला मठ काढला. या भागात यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले आणि हेमाडिदेवानेही आपली भर घातली. लेख संस्कृतात आहे, पण देणग्यांचा तपशील सांगणारा शेवटचा भाग मराठीत उतरतो. बाजारात येणारा माल, घाण्याचे तेल यांतून मठाला काय द्यायचे हे तेथे नोंदले आहे. ज्यांनी द्यायचे त्या तेल्याला आणि व्यापाऱ्याला कळावे, म्हणून ती भाषा! कुट्टक आणि चक्रवाल शिकणाऱ्या मुलांच्या दिव्यात पाटणच्या घाण्याचे तेल जळत होते. ज्ञानेश्वरीच्या आधीच्या मराठीचे नमुने मोजकेच आहेत, त्यांत या ओळींचे स्थान आहे. घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील अनंतदेव, म्हणजे भास्कराचार्यांच्या भावाचा नातू, याने १२२२ मध्ये बहाळला देवीचे मंदिर बांधल्याचा लेख आहे.

मठ राहिला नाही. १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपली. पाटण उजाड झाले, रानाने वेढले गेले. ग्रंथ मात्र मठावर अवलंबून नव्हता. तो ज्यांनी कंठस्थ केला होता त्यांच्याबरोबर तो गावोगाव गेला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये त्यावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि भास्कराचार्यांच्या रीतींच्या उपपत्ती दिल्या. फैजीचे फारसी भाषांतर झाले, १८१६ मध्ये मुंबईत टेलरचे आणि पाठोपाठ १८१७ मध्ये लंडनला कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर छापले गेले.

पाटणच्या शिलालेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखामुळे तो जगापुढे आला. त्या वेळी सारा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. याच धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये, प्राथमिक शाळांचे शिक्षक घडवण्याच्या कामावर, शंकर बाळकृष्ण दीक्षित काही काळ होते. १८९६ मध्ये छापलेल्या त्यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात भास्कराचार्यांवर मराठीतले पहिले साक्षेपी लेखन आहे. त्यात स्तुती आहे, तशीच पूर्वसूरींचे भास्कराचार्यांवर किती ऋण आहे याची रोखठोक छाननीही आहे. १९७१ मध्ये प्रा. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' आले, आणि संस्कृत न येणाऱ्या मराठी वाचकाला भुंगे, मोर आणि मोडलेला वेळू पुन्हा भेटले.

२०१० मध्ये हैदराबादला जागतिक गणित परिषद भरली, तेव्हा गणित सामान्य लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक सुरू झाले. त्याला लीलावतीचे नाव देण्यात आले. चाळीसगावहून पाटणादेवीला जाणाऱ्यांची गर्दी नवरात्रात आणि पावसाळ्यात बरीच असते. बहुतेक जण देवीचे दर्शन घेतात, धबधबा पाहतात आणि परततात.